कसबा पेठेतून घाटमाथ्याकडे

कसबा पेठ ही पुणे शहराची मूळ वस्ती होय. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल आणि तांबट आळी यांनी या पेठेला तिची ओळख दिली. येथील गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या. मोटारीला त्या अपुऱ्या पडल्या, सायकलीला मात्र कधीच पडल्या नाहीत. दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते, कारखान्यातील कामगार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यामुळे पुण्यास ‘सायकलींचे शहर’ हे नाव मिळाले. पुढे स्वयंचलित दुचाकींनी सायकलीची जागा घेतली आणि ते नाव आठवणीपुरते उरले.

अलीकडच्या काळात मात्र सायकल वेगळ्या वाटेने परतली आहे. रविवारी पहाटे शनिवारवाड्यावरून पाच-दहा जणांच्या तुकड्या दिवे लावून निघताना दिसतात. कोणी सिंहगडाकडे वळतात, कोणी कात्रज वा दिवे घाटाकडे, तर कोणी मुळशीमार्गे ताम्हिणीकडे. या रस्त्यांवर गावे आहेत, शाळा आहेत, ग्रामपंचायती आहेत. त्यामुळे हा विषय केवळ शहरी हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

चढाचे गणित

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिच्यापासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरांच्या शाखा आहेत. म्हणून शहरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांना कोठे ना कोठे घाट ओलांडावा लागतो.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट उदाहरणादाखल घेऊ. वाईची उंची सुमारे ७२० मीटर, तर पाचगणीची सुमारे १,२९० मीटर. हे अंतर बारा-तेरा किलोमीटरचे आहे. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साधारण साडेचार मीटर वर चढावे लागते. आकडा लहान वाटतो. परंतु एकूण चढ मजल्यांत मोजला तर तो सुमारे एकशे नव्वद मजल्यांचा जिना होतो. ताशी दहा किलोमीटर एवढ्या संथ गतीनेही येथे सपाटीच्या पाच-सहा पट शक्ती खर्च होते.

यावर उपाय म्हणजे गिअर. साध्या सायकलीच्या पायडलाचा एक फेरा पूर्ण झाला की मागील चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. पुढच्या व मागच्या चक्रांचे दात सारखे असलेल्या गिअरमध्ये तोच फेरा चाकास एकदाच फिरवतो. अंतर कमी पडते, पण पायावरचा भारही त्याच प्रमाणात हलका होतो. एकूण श्रम वाचत नाहीत. ते अधिक फेऱ्यांत वाटले जातात. घाट जोराने नव्हे, तर एका लयीने चढावा, हा अनुभवी सायकलस्वारांचा सल्ला या गणितावरच उभा आहे.

काही प्रमुख मार्ग

नवशिक्यास कात्रजचा जुना घाट आणि दिवे घाट हे जवळचे मार्ग. दिवे घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते. सिंहगडाचा चढ त्यामानाने खडा आहे. खडकवासल्याच्या पुढे डोणजे-गोळेवाडीपासून सुरू होणारा हा रस्ता गडाच्या सुमारे १,३०० मीटर उंचीकडे नेतो. दम किती टिकतो, हे येथे कळते.

पौड व मुळशीवरून जाणारा ताम्हिणीचा मार्ग लांबचा. मुळशीच्या जलाशयाकाठून जाताना १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला धरणविरोधी सत्याग्रह आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे रस्ता दाट अरण्यातून रायगड जिल्ह्यात उतरतो.

बोर घाटाचा इतिहास याहून जुना आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हाच घाट निर्णायक ठरत आला असून तेथे आघाडी घेणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे, हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

याच डोंगरांवर तयार झालेल्या सायकलपटूंनी दूरची मजल मारली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली.

उतारावरचा धोका

घाटातील अपघात चढावर क्वचित, उतारावर अधिक होतात. एकसारखा ब्रेक दाबून ठेवल्यास रिम तापते, ब्रेकचे रबर घसरू लागते आणि प्रसंगी ट्यूब फुटते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक थोडेथोडे व आलटून-पालटून वापरावेत आणि लांब उतारावर मध्ये थांबून चाके निवू द्यावीत. वळणावर सांडलेली खडी किंवा तेलाचा डाग दिसला तर तेथे ब्रेक न दाबणे श्रेयस्कर.

पावसाळ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. हिरवाई आणि धबधबे यांमुळे याच काळात घाटात गर्दी होते, आणि दरडीही याच काळात कोसळतात. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्याच पावसात वरंधा व आंबेनळी या घाटांतील रस्ते ठिकठिकाणी खचले. अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन घाट बंद ठेवण्याचा आदेश काढते तो यासाठीच. सायकल चिंचोळ्या जागेतून पुढे काढता येते, म्हणून तो आदेश आपल्याला लागू नाही, असा समज काही जणांचा असतो. दरड कोणते वाहन आहे ते पाहून कोसळत नाही.

गावाचा वाटा

सायकलस्वार मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाप्रमाणे गाव ओलांडून निघून जात नाही. तो पाण्यासाठी, चहासाठी, पंक्चर काढण्यासाठी थांबतो. घाटाच्या पायथ्याच्या गावात पिण्याच्या पाण्याची सोय, हवा भरण्याचा पंप आणि स्वच्छतागृह एवढे असले तरी गावातील दोन-चार कुटुंबांच्या मिळकतीस हातभार लागू शकतो. रस्त्याची मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील नाही. पण वळणावरची खडी दूर करणे, तुंबलेल्या गटाराची वा सुटलेल्या दरडीची खबर सार्वजनिक बांधकाम विभागास तत्काळ देणे आणि घाट बंद असल्याची पाटी गावाच्या वेशीवरच लावणे तिला सहज शक्य आहे.

शिक्षकांची जबाबदारी त्याहून जवळची आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात. डोंगराळ भागातील मुलीचा शाळेचा रस्ताही चढ-उताराचाच असतो. शर्यतीतील खेळाडूला ब्रेकचे ज्ञान जेवढे आवश्यक, तेवढेच या मुलीलाही. रबर झिजले आहे की नाही, मागे लाल परावर्तक आहे की नाही आणि उतारावर वेग कसा आवरावा, हे शाळेच्या पटांगणावर एका तासात शिकविता येईल.

पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात शहरासाठी ८२४ किलोमीटरचे सायकल मार्ग सुचविण्यात आले. शहरातील मार्ग महानगरपालिका पाहील. शहराची हद्द संपल्यावर जो रस्ता डोंगर चढू लागतो, त्याची राखण मात्र त्या काठच्या गावांच्या सतर्कतेवर अवलंबून आहे. पहाटे कसबा पेठेतून निघालेला तरुण आणि सकाळी वाडीवरून शाळेला निघालेली मुलगी एकाच रस्त्याने जातात. दोघेही संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचले पाहिजेत.