भरपाई मंजूर, पण हाती नाही

अपघातग्रस्तांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने आली. दिवाणी दाव्याच्या फेऱ्यांतून विधवांना, पोरक्या मुलांना सोडवणं हा त्यामागचा उद्देश होता. विमा कंपनीने रक्कम न्यायाधिकरणात भरायची आणि तिथून ती वारसांना मिळायची.

पण मिळालेली रक्कम दलाल आणि नातलगच लाटू लागले. म्हणून गुजरात उच्च न्यायालयाने 1982 मध्ये काही बंधनं आखली आणि सुसम्मा थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली: अज्ञान मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत, निरक्षरांच्या रकमेवरही देखरेख. निर्णय योग्यच होता. मात्र ठेव ठेवण्याचा हुकूम झाला, तरी मुदत संपल्यावर मालकाला कळवण्याचं काम कुणाच्याच गळ्यात पडलं नाही.

अशी पावती डोळ्यांपुढे आणा. मुलाचं नाव, पुढे 'अज्ञान', खाली 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. बाप ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा मूल दोन-तीन वर्षांचं. निकाल लागेपर्यंत आई दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेली, पुढे वकीलही वारलेले. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाने अर्ज करायचा, हे त्याला सांगणार कोण?

कोषागारात जमा झालेल्या न्यायालयीन ठेवींचा नियम तर आणखी कडक. तीन पूर्ण हिशोबी वर्षं कुणी मागणी केली नाही, तर मार्चअखेर ठेव व्यपगत होऊन सरकारजमा होते. हक्क बुडत नाही, पण परताव्यासाठी महालेखापालांची मंजुरी लागते. ज्याला कोर्टातल्या नाझराची खोली सापडत नाही, त्याने ही मंजुरी मिळवायची!

बँकांतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये निधी उभारला, 2023 मध्ये 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधायची सोय केली. कोर्टातल्या पैशाकडे लक्ष गेलं ते 2024 मध्ये, गुजरातमधल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या पत्रामुळे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा एकट्या गुजरातेत मोटार अपघात भरपाईचे सुमारे 282 कोटी रुपये पडून असल्याचं समोर आलं. घरातलं माणूस अपघातात गेल्यावर त्या घरात यायची ती रक्कम होती.

22 एप्रिल 2025 च्या आदेशात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी दाव्यातच आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घ्यायला, पैसे थेट खात्यात भरायला सांगितलं. पडून असलेल्या रकमांची माहिती संकेतस्थळावर द्यायची आणि विधी सेवा प्राधिकरणांच्या मदतीने मालक शोधायचे, हेही त्यात आहे. नव्या दाव्यांची वाट त्याने मोकळी होईल. जुन्या दाव्यांत मात्र खातं नाही, फोन नाही, फक्त गावाचं नाव आहे. त्यांच्यासाठी संकेतस्थळ पुरणार नाही. गावनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.