खमस सितैन मया व अलफ : मोडी वाचकाचा एक दिवस

सकाळी 7
पूर्वेच्या खिडकीतून उजेड तिरपा येतो तेव्हाच कागद हाती घ्यायचा. सोलापूरचं ऊन दहानंतर तापतं आणि घामेजल्या बोटांनी अडीचशे वर्षांच्या कागदाला शिवायचं नाही. आज पंढरपूरकडच्या एका कुटुंबाची पेशवेकालीन इनामाची सनद समोर आहे. घड्या हळूहळू उलगडतो, कडांवर वजनं ठेवतो, फोटो काढतो. मग न वाचता नुसती पाहतो : ओळी किती, शिक्का कुठे, शेवटी ‘मोर्तब सुद’ आहे का. ते आहे, म्हणजे पत्राचा शेवट फाटून गेलेला नाही.

सकाळी 9
मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं. बोरू सहसा उचललेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. मराठी वाक्य कानाच्या आधारानं सुटतं. फारसी-अरबी शब्दापाशी हात थांबतो. ‘मशारनिल्हे’ म्हणजे वर उल्लेखलेला गृहस्थ. ‘गु॥’ म्हणजे गुजारत, अमक्याच्या मार्फत. बहमनी आणि आदिलशाही अमलात या मुलखाच्या कारभाराला फारसी वळण लागलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी पेशवाईच्या दफ्तरात हे शब्द टिकून राहिले. मी ओळीला ओळ देवनागरीत उतरवतो आणि न लागलेल्या शब्दाची जागा मोकळी ठेवतो. तर्कानं भरलेला शब्द उद्या कुणाच्या दाव्यात पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

सकाळी 11
आता तारीख. ‘छ 12 रमजान, सन खमस सितैन मया व अलफ.’ ‘छ’ ही चांद्र तारखेची खूण. पुढे शुहूर सन अरबी अंकांत, एककापासून सुरू : खमस पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण 1165. शुहूर वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. त्या वर्षी रमजान वसंतात आला होता, म्हणून हा मार्च 1765.

पण ‘सितैन’ खरंच सितैन आहे का? अक्षरांची अदलाबदल झाली की ‘तिसैन’ होतं, म्हणजे नव्वद. तीस वर्षांचा फरक पडतो, वंशावळीत एक पिढी सरकते. इथे पेशव्यांचं नावही सहजी मदत करत नाही, कारण 1765 मध्येही माधवराव आणि 1795 मध्येही माधवरावच. भिंगातून पुन्हा पाहतो : ‘माधवराव बल्लाळ’. थोरले माधवराव. सवाई माधवराव असते तर ‘माधवराव नारायण’ असतं. साल पक्कं झालं.

दुपारी 1.30
जेवणानंतर उर्दूचे निवृत्त शिक्षक असलेले शेजारी येतात. मी त्यांना चाचा म्हणतो.
“चाचा, ‘कुलबाब कुलकानू’ बघा की.”
“कुल म्हणजे सगळं. बाब म्हणजे दरवाजा, हिशेबात त्याचं कलम होतं. कानून तर तुम्हालाही ठाऊक.”
मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू शेजारी नांदणाऱ्या या गावात अशी मदत दारात मिळते, हे माझं भाग्य.

दुपारी 3
माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश उघडून प्रत्येक शब्द ताडून पाहतो. कुलबाब कुलकानू म्हणजे सर्व कर आणि पट्ट्या. हालीपट्टी सध्याची, पेस्तरपट्टी पुढची. लगेच पुढे जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण ही संस्कृत मालिका. आणि मग ‘खेरीज हकदार व इनामदार’. इतरांचे आधीचे हक्क वगळून, असा त्याचा अर्थ. हे ‘खेरीज’ सुटलं तर दानाची मर्यादाच पुसली जाते.

इंग्लंडमधल्या जुन्या नोंदी वाचणाऱ्यांचीही हीच कसोटी असते : मजकूर इंग्रजी, पण साल, नातं, हक्क अनेकदा लॅटिनमध्ये. तिथल्या न्यायालयांच्या दफ्तरातली लॅटिन 1733 मध्ये कायद्यानं थांबली. त्याआधीचं वाचायचं तर ती शिकावीच लागते.

सायंकाळी 5
कुटुंबातले आजोबा नातवाला घेऊन येतात.
“सर, लागलं का आमच्या मूळ पुरुषाचं नाव?”
“लागलं, आजोबा. साल पण लागलं.”
नातू कागद प्लास्टिकमध्ये पक्का बंद करायचं म्हणतो. मी हात जोडून नको म्हणतो : उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सुती कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा.

रात्री 7.30
मोडीचा वर्ग. 2023 मध्ये जुन्या मोडी दफ्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सगळ्यांना कळली. मुलं अक्षरं लवकर शिकतात. पण अक्षर लागणं म्हणजे कागद लागणं नव्हे. कोण, कधी, किती, कुठपर्यंत, हे सगळं या फारसी-अरबी शब्दांत अडकलेलं असतं. म्हणून माझ्या वर्गात बाराखडीबरोबरच अंक पाठ होतात : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... शिकवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यापासून हेच करावं. घराघरांतल्या कागदांना लागणारी वाळवी थांबत नाही. तिनं ते खाण्याआधी वाचणारे तयार व्हायला हवेत.