हिऱ्याचा सेट घेताय? आधी बिल आणि सर्टिफिकेट वाचायला शिका

२०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं दहा ग्रॅमला एक लाखावर गेलं आणि निकाहच्या खरेदीचा सगळा हिशोब बदलला. पाच तोळ्यांची बोलणी करणारी घरं दोन तोळ्यांवर आली. उरलेली हौस हिऱ्याच्या हलक्या सेटवर भागवायची, असा आता रिवाजच होत चाललाय. दुकानदारही तेच सुचवतो, "आपा, तेवढ्याच पैशात डायमंडचा सेट बसतो, दिसायलाही भारी!"

बसतो खरा. पण सोनं घेताना घरातल्या दादीला जे कळतं, ते हिऱ्याच्या बाबतीत शिकल्या-सवरलेल्यांनाही कळत नाही. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, वजन काट्यावर दिसतं, शुद्धता हॉलमार्कवरून समजते. हिऱ्याला असा एक भावच नाही. सारख्या वजनाच्या दोन खड्यांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो आणि तो फरक साध्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी कागदावर लिहिलेल्या दर्जाचे. तो कागद वाचता आला पाहिजे.

पहिला गोंधळ कॅरेटचा. हा शब्द मूळ अरबीतल्या क़ीरातवरून आला. पूर्वी खडे तोलायला कॅरोब नावाच्या झाडाच्या बिया वापरत, त्यावरून. पण आज सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, चोवीस भागांपैकी किती भाग सोनं ते. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. त्याचे शंभर सेंट. 'तीस सेंटचा खडा' म्हणजे ०.३० कॅरेट.

२२ कॅरेटचं सोनं मऊ असतं, खडा घट्ट धरून ठेवत नाही. म्हणून हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये बनतात. दागिन्यावर १८ कॅरेटसाठी ७५० आणि १४ साठी ५८५ हा आकडा आणि सोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच तपासता येतो. आणि भाव १८ कॅरेटचाच लावलाय ना, तेही बघा.

आता वजन. अंगठी काट्यावर ५.२० ग्रॅम भरली आणि तिच्यात एक कॅरेट हिरे असतील, तर सोनं पाचच ग्रॅम. वरचे ०.२० ग्रॅम हिऱ्यांचे. ते सोन्याच्या भावात धरले तर एकाच खड्याचे पैसे दोनदा गेले. बिलावर एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचं वजन, तिन्ही वेगवेगळं लिहून घ्या.

'एक कॅरेटचा सेट' हे शब्दही नीट ऐका. दोन-दोन सेंटचे पन्नास बारीक खडे मिळूनही एक कॅरेट होतं आणि एकच मोठा खडाही एक कॅरेटचा असतो. पण मोठा खडा दुर्मीळ, म्हणून त्याचा दर कॅरेटमागे कितीतरी जास्त. अर्ध्या कॅरेटला, पूर्ण कॅरेटला दर एकदम उडी मारतो. ०.९२ चा खडा आणि १.०० चा खडा बोटात घातल्यावर कुणालाही वेगळा ओळखता येत नाही, बिलात मात्र ओळखता येतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कट. दुकानात विचारलं, "कट कोणता?" तर उत्तर येतं, "राउंड." तो आकार झाला. कट म्हणजे पैलू किती मापात पाडलेत ते. कोहिनूरचं उदाहरण घ्या. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा बघणारे निराश झाले. एवढा मोठा खडा आणि चमक बेताचीच! आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत वजन राखण्याला महत्त्व होतं. मग १८५२ मध्ये इंग्रजांनी तो पुन्हा घासला. सुमारे १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. चाळीस टक्क्यांच्या वर वजन गेलं, ते निव्वळ चमकेसाठी.

यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. प्रकाश वरून आत शिरतो, खालच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, तीच चमक. खडा फार खोल किंवा फार उथळ घासला तर प्रकाश बाजूने नाहीतर तळातून निसटतो आणि हिरा काचेसारखा निर्जीव दिसतो. शिवाय खोल खड्याचं वजन पोटात दडलेलं असतं. नीट घासलेला एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, खोल घासलेला त्याच वजनाचा खडा लहान दिसतो. पैसे तर वजनाचेच घेतले! गोल खड्याच्या सर्टिफिकेटवर कटसमोर एक्सलंट किंवा व्हेरी गुड असेल तर बरं. बजेट तुटत असेल तर वजन कमी करा, कट नको.

रंगाचं सोपं आहे. डी ते झेड अशी श्रेणी, डी म्हणजे अगदी बिनरंगी. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर जी, एच, अगदी आय रंगही छान दिसतो. क्लॅरिटी म्हणजे आतले डाग-रेषा, त्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघून ठरवतात. लोकांना व्हीव्हीएसचं भारी आकर्षण. पण व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, मग त्याचे जादा पैसे कशाला? एसआय-वनमध्येही डोळ्यांना स्वच्छ दिसणारे खडे मिळतात, फक्त स्वतः बघून घ्या. दुकानातल्या झगमगत्या दिव्यांखाली सगळंच सुंदर दिसतं. दागिना दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या.

यापुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हिरा खाणीतला की लॅबमधला? लॅबचा हिरा नकली नाही. तोही शुद्ध कार्बनच, फक्त यंत्रात काही आठवड्यांत वाढवलेला. सुरतेत त्याचा मोठा धंदा आहे. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. हौसेला घ्यायला हरकत नाही. पण त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने फारच कमी आणि गेल्या काही वर्षांत ती कोसळत गेलीय. सांगून विकला तर सौदा चोख, न सांगता विकला तर सरळ धोका.

काउंटरवरच्या पेनासारख्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका. तो खड्यातून उष्णता कशी वाहते तेवढंच मोजतो. अमेरिकन डायमंड त्यात पकडला जातो, लॅबचा हिरा पास होतो आणि मॉइसनाइट नावाचा वेगळाच खडाही बऱ्याचदा पास होतो. बीप वाजला म्हणजे खाणीतला, असं मुळीच नाही. खात्री होते ती प्रयोगशाळेतच. म्हणून मोठ्या खड्याला जीआयए किंवा आयजीआयसारख्या संस्थेचं सर्टिफिकेट मागा, त्याचा क्रमांक संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघा. सर्टिफिकेटवर खड्याच्या कडेला क्रमांक कोरल्याची नोंद असेल तर भिंगातून तो दाखवायला सांगा. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने तर लॅबच्या हिऱ्यांना डी-ते-झेडची श्रेणी देणंच बंद केलंय, ते फक्त 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' म्हणतात.

अडचणीच्या वेळी विकायला जाल तेव्हा सोन्याला त्या दिवसाचा भाव मिळतो. हिऱ्याला मिळतो तो दुकानदार म्हणेल तो. घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी तर गेलेलीच असते. त्यामुळे 'बायबॅक आहे हो' या तोंडी शब्दावर जाऊ नका. बदलून घेतल्यास किती टक्के, रोख घेतल्यास किती, लॅबचा हिरा परत घेणार की नाही, हे बिलावर लिहून घ्या. नंतर शब्द फिरवला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण तिथेही कागदच विचारतील.

जकातीसाठीही निव्वळ वजन लागतं. वापरातल्या हिऱ्यावर जकात नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. पण त्यातल्या सोन्याबद्दल हनफी आणि शाफई मत वेगळं आहे, तेव्हा आपापल्या मौलानांना विचारा.

आणि सेट मेहेरमध्ये द्यायचा असेल तर निकाहनाम्यात 'डायमंड सेट, एक नग' एवढंच लिहू नका. मेहेर मुलीचा हक्क आहे. सोनं किती ग्रॅम, किती कॅरेटचं, हिरे किती वजनाचे, खाणीतले की लॅबचे आणि सर्टिफिकेटचा क्रमांक, इतकं लिहायला दोन ओळी पुरतात. बिल आणि सर्टिफिकेटच्या मूळ प्रती सासरच्या कपाटात नाही, मुलीच्या हातात द्या.