मुहूर्त ६ वाजून ४१ मिनिटांचा

पहाटे ३.५०
पुण्याचं मार्केट यार्ड, गुलटेकडी. फूलबाजारात दिवे लख्ख, पायाखाली चिकचिक. सजावटवाले दादा गाळ्यांमधून झपाझप चालतात. हातात यादी नाही. झेंडूच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळातली फुलं वर काढतात. वरची काय, सगळ्यांचीच चांगली असतात. ८० किलो, ५० रुपयांनी. गेल्या आठवड्यात ३० होता. आज मुहूर्त दाट आहे. आडत्या हे बोलून दाखवत नाही आणि दादाही विचारत नाहीत.

डच गुलाब मावळातल्या पॉलिहाउसचा. २० काड्यांची गड्डी १६० रुपये, अशा ७० गड्ड्या. प्रत्येक गड्डीतली एक कळी बुडाशी चिमटीत दाबून बघायची. टणक लागली तर घ्यायची, मऊ लागली तर पुढचा गाळा. मग कार्नेशन, जरबेरा, कामिनीचा पाला. हमालाच्या सहा फेऱ्या होतात.

नवरीने मोबाइलवर पिओनीचे फोटो पाठवले होते. दादांनी तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, ते फूल फोटोतच बरं. परवडायचं नाही आणि आपल्या उन्हात टिकायचंही नाही."

५.४०
नवले पुलाखाली टेम्पो थांबतो. सावंतवाडीहून रात्री निघालेली खासगी बस येते. डिकीतून थर्माकोलचा एक खोका निघतो. क्लीनरच्या हातावर १०० रुपये. खोक्यात केळीच्या पानात गुंडाळलेले अबोलीचे वळेसर आहेत, केळीच्या सोपटाच्या दोरात गुंफलेले. नवरीची आजी रोज माळायची म्हणे. आजी आता नाही. मावशीने अंगणातली फुलं काढून, रात्री बसून करून पाठवले. दादा पानाचं एक टोक उचलून बघतात आणि लगेच मिटतात. "हे बिलात नाही," म्हणतात, "पण हे चुकलं तर बाकीचं सगळं चुकलं."

७.००
गोडाऊन म्हणजे वारज्यातली पत्र्याची शेड. दहा बादल्या भरून ठेवल्या आहेत. पोरं नऊ, त्यातली सहा पश्चिम बंगालची, मेदिनीपूरकडची. बोटं बघत राहावीत अशी. गुलाबाची काडी पाण्याखाली धरून तिरकी कापतात, खालची पानं एका झटक्यात ओरबाडतात.

हिरवा फोम भिजवायलाही रीत आहे. वीट पाण्यावर नुसती ठेवायची आणि तिची तिला बुडू द्यायची. नवा मुलगा घाईने दाबायला जातो. कारागिरांतला थोरला त्याच्या हातावर चापट मारतो. दाबली तर आत हवा राहते, बाहेरून ओली दिसते, आणि त्या जागी खोचलेलं फूल दुपारी मान टाकतं.

शेडच्या मागे पाच बायका माळा ओवतायत. हातभर सुई, सुती दोरा. पाच फुटी माळेला सहा रुपये. एकीच्या ७० माळा होतात, हात चालला तर ८०. झेंडूच्या रसाने नखं काळी-पिवळी. फुलं त्यांची नाहीत, सुई मात्र स्वतःची. सुई हरवली की १० रुपये गेले.

९.३०
मुळशीच्या रस्त्यावरचं लॉन. पत्रिकेवर 'वसंतोत्सव' छापलंय. वर आभाळ आत्ताच पांढरं पडलंय. एप्रिलचा मध्य. मंडपाचा सांगाडा काल रात्री उभा झाला. आज त्याला जाळी, कापड, बाइंडिंग वायर. प्रवेशाला केळीचे खुंट आणि आंब्याचं तोरण. ते उन्हाला भीत नाही, म्हणून आधी.

नवरदेवाच्या आजोबांची सायकल येते. पोस्टमन होते. कॅरिअरवर फुलांची टोपली ठेवून दाराशी उभी करायची आहे. अशा सायकली भाड्याने मिळतात, दिवसाला १,५०० रुपये, रंगवलेल्या, हलक्या. ही खरी आहे. त्यामुळे पंक्चर आहे, स्टँड लटपटतो आणि चेनचं काळं तेल पांढऱ्या कापडाला लागतं. कापड बदलावं लागतं. खऱ्या वस्तूचं काम नेहमीच जास्त.

१२.४०
३८ अंश. आता एकही फूल वर जात नाही. टेम्पो झाडाखाली, त्यावर ओली गोणपाटं. दर वीस मिनिटांनी एकजण पाणी मारतो. बाकीचे मंडपाच्या सावलीत डबा खातात, भात आणि बटाट्याचा रस्सा.

उघड्यावरच्या लग्नात सगळी कसोटी इथेच लागते. लवकर लावलं तर फुलं मुहूर्ताआधी जातात, उशीर केला तर पाहुणे येतात आणि शिड्या उभ्याच असतात. मधे साडेतीन तास मिळतात. कार्यालयात हेच काम पोरं आरामात रात्रभर करतात. पैसे सारखेच.

इव्हेंटवाल्या बाई येऊन विचारतात, "अजून काहीच नाही?" दादा घाम पुसतात. "तीनला बघा."

३.००
सगळे एकदम उठतात. बोलणं बंद. फोमच्या विटा जाळीत बसतात, आधी पाला, मग कार्नेशन, शेवटी गुलाब. थोरला कारागीर गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या अंगठ्याने एकेक उलट्या वळवतो. मूठभर कळीचं वाटीएवढं फूल होतं. हीच आमची पिओनी, दादा म्हणतात. जरबेऱ्याची काडी पोकळ, म्हणून तिला तार. दोन पोरं शिडीवर, खालून एकजण गड्ड्या फेकतो.

४.५०
नवरी मेकअपच्या खोलीतून निरोप पाठवते. दादा स्वतः खोका घेऊन जातात. अबोली तशीच आहे, केशरी, न मळलेली. वळेसर केसांत बसतो तोवर दादा दाराबाहेर उभे. एक उरतो. तो आजीच्या फोटोला.

६.०५
शिड्या बाहेर. काड्या-पाकळ्यांचा ढीग कनातीमागे. अक्षता म्हणून तांदळाऐवजी पाकळ्या वाटायच्या आहेत, कागदाच्या पुड्यांत. वारा सुटतो. पहिल्या ओळीतल्या पुड्या उडतात. दोन पोरं खुर्च्यांमधून रांगत पाकळ्या गोळा करतात; सूट घातलेले लोक पाय वर घेतात.

६.४१
अंतरपाट खाली येतो. दादांचं लक्ष नवरा-नवरीकडे नाही. डाव्या खांबावरचा तिसरा झुबका किंचित कलला आहे, तो त्यांना दिसतोय. आता काही करता येत नाही.

रात्री ११.१५
काढणी. चढवायला तीन तास लागले, उतरवायला पाऊण. झेंडूच्या माळा पोत्यात, त्या खतावर जातील. फोम खतात जात नाही, तो वेगळा. सायकल आजोबांच्या मुलाकडे पोचती.

टेम्पोच्या मागच्या फळीवर हिशेब. पोरांना दिवसाचे ९०० आणि काढणीचे २०० वेगळे, रोख. एकूण काम ८५,००० चं, हातात आगाऊ ४०,०००. फुलं, पाला, फोम, टेम्पो, माळा, मजुरी धरून आजवर ५१,००० गेले. कामाचे उरलेले पैसे इव्हेंटवाल्या बाई 'पार्टीकडून आले की' देणार. साधारण महिना धरायचा.

फोन वाजतो. उद्या सकाळी कोथरूडला डोहाळजेवण आहे. हॉलमध्ये. दादा थोरल्याला विचारतात, किती किलो झेंडू उरला.