जुन्या पद्मिनीसाठी स्प्रिंगा व पाटे निवडताना

संस्थेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली अनेक वर्षे उभी असलेली पद्मिनी मोटार माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून पुन्हा चालती करावी, असा विचार पुढे आला आहे. इंजिन दुरुस्त होईल, रंग लागेल, गाद्या नव्याने शिवल्या जातील. याविषयी कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते स्प्रिंगांविषयी. गाडी मागच्या बाजूने बसली आहे. ‘जीपचे कडक पाटे टाका, म्हणजे पुन्हा बसणार नाही,’ असे काहींचे म्हणणे. ‘आहेत त्याच पाट्यांना कमान मारून घ्या, पैसे वाचतील,’ असा दुसरा सल्ला. ‘बाजारात मिळतील त्या नव्या टाका,’ असा तिसरा. उद्या याच गाडीतून वसतिगृहातील आजारी विद्यार्थ्याला रात्री दवाखान्यात न्यावे लागेल आणि खर्च होणारा पैसा अनेकांच्या घामाचा आहे. म्हणून सल्ला देणारा किती अनुभवी, एवढ्यावर न थांबता तो सल्ला कोणत्या कारणावर उभा आहे, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

गाडीची पूर्वपीठिका

इतिहासाच्या शिक्षकाने यंत्राविषयी लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु वस्तूलाही इतिहास असतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. आपल्या पद्मिनीचे मूळ घराणे म्हणजे 1953 साली इटलीत आलेली फियाट 1100-103 ही गाडी. तिचीच एक वेगवान आवृत्ती लांब पल्ल्याच्या सफरीसाठी ‘टूरिस्मो व्हेलोचे’ या नावाने निघाली होती. भारतात 1964 साली ‘डिलाइट’ हे रूप आले आणि 1974 साली त्याच गाडीचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. इंजिन 1089 सीसी, वजन सुमारे 900 किलो. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली.

या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ असा : गाडी बनवणारा कारखाना आता या गाडीचे सुटे भाग पुरवत नाही. जे मिळते ते जुन्या साठ्यातले, नकलेवरून घडवलेले किंवा दुसऱ्या गाडीचे. त्यामुळे निवडण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते.

दोन चाकांना एक रीत, दोन चाकांना दुसरी

आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाला बसलेला प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने 1804 साली कमानीसारख्या पोलादी पाट्यांवर घोडागाडी टेकवण्याची रीत रूढ केली. तोच पाटा पुढे टांग्याला लागला, एसटीच्या बसला लागला आणि पद्मिनीच्या मागच्या चाकांनाही लागला. एकावर एक रचलेल्या, खाली जाता जाता आखूड होत गेलेल्या पट्ट्या मधोमध एका बोल्टने बांधलेल्या असतात. यालाच आपण कमानपाटा म्हणतो. पुढच्या चाकांना मात्र पद्मिनीत गुंडाळी स्प्रिंग आहे.

पाटा दोन कामे एकदम करतो. तो भार पेलतो आणि मागचा ॲक्सल जागेवर धरूनही ठेवतो. म्हणून पाटा तुटला तर गाडी नुसती बसत नाही, तर चाक तिरके होऊन गाडी भलतीकडे ओढली जाते. वेताळवाडीचा किंवा अजिंठ्याचा घाट उतरताना असे घडले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

उंची वेगळी, कडकपणा वेगळा

सगळा घोळ या दोन गोष्टी एक मानल्यामुळे होतो. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1678 साली मांडलेला नियम आपण नववी-दहावीत ऐकलेला आहे : स्प्रिंगवर जितका भार, तितक्या प्रमाणात ती दबते. एक सेंटीमीटर दबण्यास किती किलो लागतात, हा झाला तिचा कडकपणा. समजा, एका पाट्यावर 200 किलो भार आहे आणि त्याने तो 12.5 सेंमी दबला आहे. म्हणजे त्याचा कडकपणा दर सेंटीमीटरला 16 किलो. मागे माणसे बसून त्या बाजूला आणखी 80 किलो वाढले, तर तो आणखी 5 सेंमी दबेल.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे भार सोसून बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते. ती बुटकी झालेली असते. पोलादाचा लवचीकपणा वयाबरोबर जवळजवळ बदलत नाही. तिची मूळ कमान किंवा मूळ लांबी तेवढी कमी होते. त्या पाट्याची कमान 3 सेंमी उतरली, तर गाडी 3 सेंमी खाली येईल, पण दर सेंटीमीटरला लागणारे 16 किलो तेच राहतील. रोग उंचीचा आणि औषध कडकपणाचे, असा हा प्रकार आहे.

कडक पाट्याचे दुष्परिणाम

वरील उदाहरणात दुप्पट कडक पाटा घातला असे मानू. पहिल्या पाट्यावर गाडी मिनिटाला सुमारे 85 वेळा वरखाली झुलेल. दुप्पट कडक पाट्यावर सुमारे 120 वेळा. मिनिटाला 60 ते 90 ही लय माणसाच्या शरीराला सुसह्य मानली जाते. त्यापुढे प्रवास हादऱ्यांचा होतो. गैरसोय एवढीच असती तर सोसली असती. परंतु कडक स्प्रिंगवरचे चाक खड्ड्यातून उसळले की रस्त्याला पुन्हा टेकण्याऐवजी उडत राहते, आणि हवेतले चाक ब्रेक लावून थांबत नाही. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसून भेगाळतात. तेथे हा धोका रोजचा.

दुसरा दुष्परिणाम डोळ्यांना लवकर दिसत नाही. जीपला किंवा ट्रकला खाली भक्कम सांगाडा, म्हणजे चेसिस असते. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही; तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. पाट्याची टोके त्या पत्र्यालाच जोडलेली असतात. जीपचा पाटा जो धक्का स्वतः गिळणार नाही, तो चाळीस वर्षांच्या गंजलेल्या पत्र्यावर जाईल आणि काही महिन्यांत जोडाजवळ चीर पडेल.

थोड्या जाडीनेही किती फरक पडतो ते पाहा. गुंडाळी स्प्रिंगची तार 12 मिमीऐवजी 13 मिमी घेतली, बाकी सर्व तसेच ठेवले, तर कडकपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो. पाट्याच्या सर्व पट्ट्या 6 मिमीऐवजी 7 मिमी घेतल्या तर सुमारे 59 टक्क्यांनी. दुकानात ‘थोडी जाड आहे, चालेल’ असे म्हटले जाते तेव्हा हे आकडे आठवावेत.

आधी मोजा, मग विकत घ्या

गाडी सपाट फरशीवर उभी करावी. चारही टायरांत योग्य हवा, डिकी रिकामी. प्रत्येक कोपरा दोन-तीन वेळा दाबून सोडावा, गाडी चार पावले पुढे ढकलावी आणि मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे सरळ उभे अंतर लिहून घ्यावे. जमिनीपासून मोजू नये. टायरची झीज हिशेबात घुसते. डाव्या-उजव्या बाजूंत एखाद्या सेंटीमीटरचा फरक असला तर घाबरण्याचे कारण नाही. त्याहून अधिक असला तर शोध घ्यावा. मागचा ॲक्सल बरोबर मध्यभागी जॅकवर उचलला असता पुढचा कल नाहीसा झाला, तर दोष मागच्या पाट्यांत. कल राहिला तर पुढच्या स्प्रिंगांत.

स्प्रिंगांना दोष देण्यापूर्वी त्यांचे सोबती तपासावेत. पाट्याच्या टोकाचे रबरी बुश झिजले आहेत का, शॅकल अडकली आहे का, मधला बोल्ट तुटून पट्ट्या सरकल्या आहेत का? शॉकअप हा तर वेगळाच अवयव आहे. स्प्रिंग भार पेलते. शॉकअप झुलणे थांबवतो. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. झुलत राहिली तर शॉकअप संपला. तेलाचा नवा शॉकअप बसलेली गाडी उचलत नाही आणि नवी स्प्रिंग झुलणे थांबवत नाही.

चार पर्याय आणि त्यांची पारख

पहिला पर्याय, जुन्या साठ्यातील मूळ भाग. मिळाले तर उत्तम. मात्र गंजाचे खड्डे पडलेले घेऊ नयेत, कारण तडा तेथूनच सुरू होतो.

दुसरा, नव्याने घडवलेले भाग. येथे विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात : तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, मोकळी उंची आणि ठरावीक भाराखालील उंची. पाट्यासाठी पट्ट्यांची संख्या, जाडी, रुंदी आणि कमान. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत स्प्रिंगची चाचणी घेण्याचे यंत्र असते. आपले जे माजी विद्यार्थी तेथे शिकत वा शिकवत असतील, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

तिसरा, कमान मारणे. लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून विळे-कोयते घडवतो, हे आपण पाहिले आहे. तो पाटा लाल तापवतो, ठोकतो आणि धार टिकावी म्हणून पाणी देतो. पोलादाचा गुण तापवण्या-थंड करण्यावर अवलंबून असतो, याचा हा ढळढळीत पुरावा. नुसता तापवून ठोकलेला आणि आपोआप गार होऊ दिलेला पाटा आपला ताठा गमावतो. थंडच ठोकलेला लवकरच पुन्हा बसतो. पट्ट्या सुट्या करून, तडे तपासून, तापवून, तेलात विझवून व पुन्हा बेताने तापवून देणारा कारागीर मिळाला तरच हा मार्ग धरावा.

चौथा, दुसऱ्या गाडीचे पाटे किंवा कापलेल्या स्प्रिंगा. आठ वेढ्यांतला एक कापला तर गाडी खाली येते आणि स्प्रिंग सुमारे 14 टक्के अधिक कडक होते. हा मार्ग सोडून द्यावा. कोणताही पर्याय घेतला तरी डावी-उजवी जोडीनेच बदलावी.

बसवताना

दबलेल्या गुंडाळी स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती 20 किलोची गोणी छातीच्या उंचीवरून पडावी एवढी किंवा त्याहून अधिक असते. म्हणून स्प्रिंग दाबण्याचे योग्य साधन आणि गाडीखाली भक्कम स्टँड नसतील तर हात लावू नये. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचे असले तरी दुरूनच. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. उचललेल्या स्थितीत आवळले तर बुश पिळून लवकर फाटतात.

कायद्याचीही बाजू आहे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 साली आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमांतही गाडी मूळ रूपात असणे महत्त्वाचे मानले आहे.

या सर्वांवरून आपल्या गाडीपुरता निष्कर्ष काढता येतो : पुढे मूळ मापाच्या स्प्रिंगांची जोडी, मागे मूळ मापाचे दोन पाटे, चारही शॉकअप आणि सर्व बुश नवे. वर्गणीतला पहिला पैसा रंगाआधी येथे लागावा. गाडीत पाचच माणसे बसावीत, हा नियमही त्याच दिवशी लिहून लावावा. सहाव्यासाठी सोयगाव आगाराची एसटी आहे. अधिक माणसे बसवता यावीत म्हणून पाटा कडक करण्याचा मोह होतो. पण पाटा बदलल्याने ब्रेक मोठे होत नाहीत, पत्रा जाड होत नाही आणि घाटाचा उतारही कमी होत नाही.