वस्तरा आपल्या हाती

आजरा म्हटले की लोकांना घनसाळ तांदळाचा वास, हिरण्यकेशी नदी आणि रामतीर्थ आठवते. आम्हांला तेथील आमच्या घराच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी आठवते. तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आजोबांचा वस्तरा आहे. सोबत चामड्याचा पट्टा आणि तळहाताएवढा गुळगुळीत दगड.

आजोबांच्या पिढीत गावचा न्हावी आपल्या वस्तीत येत नसे, आणि त्याच्याकडे गेले तर तो बसवून घेत नसे. बारा बलुतेदारांत न्हावीही होता आणि महारही होता; पण एका बलुतेदाराचा हात दुसऱ्या बलुतेदाराच्या गालाला लागत नव्हता. शेवटी आजोबांनी कोल्हापुरातून वस्तरा विकत आणला आणि आपल्याच गालावर हात बसवला. मग आठवड्यातून एक दिवस अर्धी वस्ती त्यांच्यापुढे पाटावर बसू लागली. पैसे ते कोणाकडून घेत नसत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याने ती पेटी खाली काढली. वय अठरा, गालावर नुकती दाट होऊ लागलेली दाढी. श्रामणेर शिबिरासाठी त्याने नाव दिले होते. म्हणाला, "काका, शिबिरात मुंडण हुणारच हाय. त्याच्या आदी मला आज्जाचा वस्तरा चालवायला शिकवा की."

त्याची आई चुलीपुढून उठून बाहेर आली. "गळ्यावर लागलं म्हंजे? गावात एवढी सलूनं हाईत, तिथं जा की!"

माउलीची भीती खोटी नव्हती. वस्तरा ही खेळायची वस्तू नव्हे. तरीही आम्ही शिकवायचे ठरवले. या पानाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा वस्तरा असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ती रीत येथे सांगतो.

पहिला आठवडा वस्तरा गालाला लावायचाच नाही. फक्त पट्ट्यावर चालवायचा. पट्टा खुंटीला अडकवून ताणून धरावा. वस्तरा त्यावर आडवा निजवावा, पाठ पुढे आणि धार मागे राहील असा ओढावा. टोकाला पोचल्यावर पाठीवरूनच उलटवावा. धारेवरून उलटवला की पट्टा कापलाच म्हणून समजा. पुतण्याने पहिल्याच दिवशी पट्ट्याला दोन चिरा पाडल्या. आम्ही म्हटले, "पट्टा कापला, गाल वाचला. चांगले झाले."

त्या पट्ट्याकडे पाहताना आम्हांला एक गोष्ट नेहमी वाटते. वस्तऱ्याला धार येते ती कमावलेल्या चामड्यावर. ते चामडे कमावणारे हात ढोर बांधवांचे, पट्टा करणारे हात चर्मकार बांधवांचे. त्यांच्या कष्टावर वस्तरा चालायचा आणि त्यांच्याच गालाला मात्र तो चालत नसे!

दुसऱ्या आठवड्यात गाल. आधी गरम पाण्याने तोंड चांगले भिजवावे. केस पाणी पितो आणि मऊ होतो. कोरड्या केसाशी झगडताना वस्तरा घसरतो. मग भरपूर साबणाचा फेस. वस्तऱ्याची पाठ गालाच्या अगदी जवळ ठेवावी, साधारण तीस अंशांत. कोन वाढला की कातडी कापते, फार कमी झाला की केस ओढला जातो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, बोटभर लांबीचे छोटे फटकारे मारावेत. धार कधीही आडवी सरकवू नये. जोर द्यायचा नाही. पात्याचे वजन पुरेसे असते. सुरुवातीला दोन्ही गाल एवढेच करावेत. हनुवटी, ओठ आणि गळा हात बसल्यावर, काही आठवड्यांनी.

खरचटले तर घाबरू नये. स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, मग तुरटी फिरवावी. काम झाले की वस्तरा धुऊन, कोरडा करून, तेलाचे बोट लावून ठेवावा, नाहीतर गंज धार खातो. आणि एक नियम पक्का पाळावा : एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरायचा नाही. रक्ताच्या कणातून ब आणि क प्रकारची कावीळ पसरते. म्हणूनच आता सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात. आजोबांच्या काळी एकच वस्तरा साऱ्या वस्तीला चालत असे. ते ज्ञान तेव्हा नव्हते, आज आहे. आम्ही आजोबांचा वस्तरा दगडावर लावून, उकळत्या पाण्यातून काढून पुतण्याच्या स्वाधीन केला. आता तो त्याचा एकट्याचा.

शिकवता शिकवता बोलणे बाबासाहेबांच्या लहानपणावर आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी साताऱ्याच्या घरातील एक गोष्ट लिहून ठेवली आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. सुभेदार रामजींना पैसे परवडत नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून घरातील मुलांचे केस कापण्याचे आणि हजामतीचे काम त्यांची मोठी बहीण करी. भावंडांवर हात फिरवून फिरवून ती त्यात तरबेज झाली होती. एका मुलीला हे शिकावे लागले, कारण गावाने दार लावून घेतले होते.

तोच मुलगा पुढे देशाची घटना लिहायला बसला. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत आजच्या पंधराव्या कलमावर चर्चा झाली. दुकाने, हॉटेले, पाणवठे यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम. 'दुकान' या शब्दात काय काय येते, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कोणी येईल त्याला आपली सेवा देण्यास जेथे मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. केस कापायची खुर्चीही त्यात आली. साताऱ्याच्या त्या बहिणीच्या कात्रीला दिलेले हे उत्तरच आम्ही मानतो. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी सेवा नाकारणे शिक्षेस पात्र ठरले. 1976 पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. तरीही एखाद्या खेड्यातून अशी बातमी आजही कानावर येते. तेव्हा कायदा माहीत असणे आणि तो वापरण्याची हिंमत असणे, दोन्ही गरजेचे आहे.

पुतण्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, त्या न्हाव्यांचा राग धरायचा का?"

आम्ही त्याला उपालीची गोष्ट सांगितली. उपाली शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्यावी. म्हणजे तो संघात आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. तथागतांनी तसेच केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न महाकश्यपांनी उपालीलाच विचारले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पददलितांच्या धम्मदीक्षेची कथा बाबासाहेबांनी या न्हाव्यापासूनच सुरू केली आहे. ज्या हाताला व्यवस्थेने नकार द्यायला शिकवले, त्या हातालाही व्यवस्थेने खालीच ठेवले होते. राग त्या व्यवस्थेचा धरावा. आजऱ्याच्या सलूनमध्ये काम करणारा नाभिक बांधव आपल्यासारखाच कष्टकरी आहे.

भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळायचे वस्त्र यांच्या जोडीला वस्तराही आहे. विनयाप्रमाणे केस दोन महिने किंवा दोन बोटे यापलीकडे वाढवायचे नाहीत. प्रव्रज्येच्या वेळी केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो या पाच शब्दांवर ध्यान देतात : केस, अंगावरची लव, नखे, दात, त्वचा. वस्तरा हाती असताना या पाचांपैकी तीन तर डोळ्यांसमोरच असतात. मन क्षणभर इकडेतिकडे गेले की गाल लगेच सांगतो. स्मृतीचा अभ्यास म्हणजे काय, हे पुतण्याला आम्ही वेगळे समजावले नाही.

महिनाभराने, शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी, त्याने अंगणात आरसा लावून पहिल्यांदा पुरी दाढी केली, गळ्यासकट. आम्ही बाजूला उभे होतो, तोंडातून शब्द काढला नाही. हनुवटीखाली एक बारीक रक्ताचा ठिपका आला. त्याने स्वतःच तुरटी लावली. आई दारात उभी होती. जवळ आली, उलट्या हाताने त्याचा गाल चाचपून पाहिला आणि म्हणाली, "मामंजींचा हात हाय रं तुझ्या हाताला." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आजोबांनी वस्तरा हाती घेतला तो नाइलाजाने. नातवंडाने घेतला तो आपल्या मर्जीने. वाटेल तेव्हा तो कोणत्याही सलूनच्या खुर्चीत जाऊन बसू शकतो. या दोहोंमधले अंतर चालून यायला आपल्या माणसांना फार सोसावे लागले आहे.

वाचक बंधूभगिनींनो, तुमच्याही माळ्यावर एखादा जुना वस्तरा, कात्री किंवा आरशाचा तुकडा पडला असेल. भंगारात घालू नका. मुलांना दाखवा. तो घरात का आला, हे त्यांना सांगा.

जय भीम!