दूरच्या यंत्राची किल्ली

घराचें दार लागलें आणि किल्ली आंतच राहिली, म्हणजे घरधन्याची जी फजिती होते, तशीच फजिती ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीची झाली. नेहमींच्या देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या यंत्रशाळांना जोडणारें जाळें तुटलें. अशी आज्ञा अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासनीस साधनांतहि दोष होता. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारें सहा तास बंद पडलीं. दुरून दुरुस्ती करावी, तर नेहमींचा मार्ग तुटलेला. अडीअडचणीसाठीं राखलेला निराळा मार्गहि चालेना. अखेर माणसें यंत्रशाळेंत धाडावीं लागलीं, आणि तेथील कडेकोट बंदोबस्तामुळें आंत शिरण्यासहि वेळ गेला.

असा निराळा मार्ग राखण्याचें एक साधन म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ व माउस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास हें नांव मिळालें. यंत्रशाळेंत अनेक सर्व्हर लोखंडी मांडणींत एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकास निराळा पडदा व निराळा कीबोर्ड देण्यास ना जागा, ना पैसा. म्हणून ते सर्व एका स्विचला जोडतात; मग एकाच बैठकीवरून हवा तो सर्व्हर निवडून हाताळतां येतो.

हाच स्विच नेटवर्कला जोडला, कीं ती बैठक यंत्रशाळेंतच असण्याचें कारण उरत नाहीं. सर्व्हरमधून निघणारें चित्र तो अंकरूपांत आणून दूरच्या माणसाकडे पाठवितो. त्या माणसानें दाबलेली कळ उलट वाटेनें येते, आणि कीबोर्ड शेजारींच असल्याप्रमाणें सर्व्हर ती मानतो. इतर बहुतेक दूरसाधनें सर्व्हरची कार्यप्रणाली शुद्धीवर असेल तरच उपयोगी पडतात. ती कोसळली, कीं तींहि मुकीं होतात. हा स्विच मात्र बाहेरून जोडलेला असल्यानें यंत्र सुरू होतांना उमटणारीं पहिलीं अक्षरेंहि दाखवितो. त्यामुळें बिघाड नेमका कोठें आहे, हें दुरूनच कळतें.

त्याची व्यवस्था लावतांना क्रम पाळावा लागतो. प्रथम स्विचशेजारीं बसून त्यास नेटवर्कवरील कायमचा पत्ता, सबनेट मास्क आणि बाहेर जाण्याचें द्वार, म्हणजे गेटवे, हीं नेमून द्यावींत. पत्ता आपोआप बदलूं दिला, तर ऐन वेळीं शोधाशोध होते. मग कारखान्यांतून आलेला पासवर्ड तत्काळ बदलावा. तो छापील पुस्तिकेंत असल्यास जगजाहीरच असतो. त्यानंतर कोणीं कोणता सर्व्हर पाहावा व कोणीं हाताळावा, याचे अधिकार वांटून द्यावेत. स्विचच्या अंतर्गत प्रणालींतील उणिवा दूर करणाऱ्या सुधारणाहि वेळोवेळीं चढवाव्यात.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हे. ज्याच्या हातीं हा स्विच गेला, त्याच्या हातीं साऱ्या सर्व्हरांचे कीबोर्ड गेले. म्हणून तो खुल्या इंटरनेटवर मांडूं नये. व्यवस्थापनापुरतें वेगळें जाळें राखून त्यावरच तो ठेवावा. मात्र तें जाळें मुख्य जाळ्यावरच विसंबून असेल, तर दोन्हीं एकदमच बुडतील. वेगळी तार, वेगळी वीज आणि अधूनमधून घेतलेली परीक्षा, या तिहींमुळेंच निराळा मार्ग खऱ्या अर्थानें निराळा राहतो. दुसरी किल्ली घरांतच टांगून ठेवणाऱ्यास तिचा उपयोग कधींच होत नाहीं.